गराजमधला उरलेला ‘पूल शॉक’

लेबर डे झाला की अ‍ॅशबर्नमधले बहुतेक पोहण्याचे तलाव बंद होतात. तुमच्या घरामागे तलाव असेल, तर गराजमध्ये ‘पूल शॉक’चा अर्धा डबा उरलेला असेल. गावाकडे विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आठवते? ही तिचीच जहाल बहीण. टीसीएलमध्ये उपयोगी क्लोरीन साधारण 30 ते 35 टक्के असतो. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या शॉकमध्ये बहुधा 65 टक्के किंवा जास्त.

ही पावडर स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजन पुरवून इतर वस्तू पेटवते. पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा सनस्क्रीन लागले तरी आग लागू शकते. आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ट्रायक्लोरच्या गोळ्यांशी मिसळली तर स्फोटही होऊ शकतो. म्हणून दोन्हींना एकच चमचा वापरू नका.

जॉर्जियातल्या कॉनयर्समध्ये 29 सप्टेंबर 2024 रोजी तलावाच्या रसायनांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा सुमारे 17 हजार लोकांना घरे सोडावी लागली.

डबा मूळचाच ठेवा, घट्ट झाकून, थंड आणि कोरड्या जागी, मुलांपासून दूर. वापरताना चष्मा आणि हातमोजे घाला. पावडर पाण्यात टाका. पावडरीवर पाणी कधीच ओतू नका. सांडलेली पावडर परत डब्यात भरू नका, ओल्या फडक्याने पुसू नका.

उरलेली पावडर कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकू नका. पुढच्या उन्हाळ्यात ती लागणार नसेल, तर लाउडन काउंटीच्या घरगुती घातक कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन द्या. तारखा काउंटीच्या संकेतस्थळावर मिळतात. गाडीत डबा उभा ठेवा, आणि ट्रायक्लोरचा डबा त्याच्या शेजारी नको.