सव्वाशे सेकंदांची अंत्ययात्रा

३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर सुमारे ३ लक्ष लोक एका अशा अंत्ययात्रेसाठी जमले होते, की जी प्रत्यक्षात ३३ वर्षांपूर्वी याच दिवशी यमुनातीरी विसावली होती. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटासाठी अकरा छायाचित्रण-पथकांनी त्या दिवशी सुमारे २०,००० फूट फिल्म खर्ची घातली आणि संकलनानंतर तिच्यातून पडद्यावर अवघे १२५ सेकंद उरले. त्या समुदायातील पुष्कळजण विनामोबदला आले होते, आणि ज्यांनी चाळिशी ओलांडली होती त्यांना १९४८ मधील तो दिवस निश्चित आठवत असला पाहिजे. म्हणूनच, ते दृश्य जेव्हा जेव्हा मी पाहतो, तेव्हा फुलांनी झाकलेल्या त्या देहाकडे माझी दृष्टी ठरत नाही, ती त्या चेहऱ्यांकडे वळते. राष्ट्रपुरुष पडद्यावर उतरतो तो त्याच्या मुद्रेतून जितका, त्याहून अधिक त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या मुद्रांतून, असे माझे मत या दृश्याने घडविले आहे.

गांधीजींना देव करू नका, असा सल्ला पंडित नेहरूंनी आपणांस दिला होता, असे अ‍ॅटनबरो सांगत. हा सल्ला पाळला गेला की नाही याविषयी मतभेद होतील. परंतु जेथे तो पाळला गेला तेथे त्या चित्रपटाला खरे सामर्थ्य लाभले, आणि त्यात मराठी हातांचा वाटा थोडा नाही. कोल्हापूरच्या भानु अथय्या यांनी जॉन मोलो यांच्यासमवेत या चित्रपटाची वेशभूषा केली व भारताच्या वाट्याला पहिले ऑस्कर आले. बॅरिस्टरच्या विलायती पोशाखापासून गुडघ्यापर्यंतच्या पंच्यापर्यंत, एकेक वस्त्र गळून पडत जाणे हेच ज्या चरित्राचे सार, त्या चरित्रात वेशभूषा हा अलंकार नसून कथानकच असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी कस्तुरबा उभी केली तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. आगाखान पॅलेसमधील कस्तुरबांच्या अखेरच्या प्रसंगात, अर्ध्या जगाला आपले म्हणणे ऐकावयास लावणारा पुरुष पत्नीच्या उशाशी नुसता बसलेला आहे. त्याला उपदेश करावयाचा नाही, की देशाला संदेश द्यावयाचा नाही. मला तरी संपूर्ण चित्रपटात महात्मा सर्वांत मोठा दिसतो तो येथे.

परंतु याच चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोठेही नाहीत, आणि ही उणीव, लांबीची सबब कितीही पुढे केली तरी, क्षम्य मानता येत नाही. १९३२ चा येरवड्यातील पुणे करार वगळून गांधीचरित्र सांगणे म्हणजे दप्तरातील नेमका अवघड कागद बाजूस काढून ठेवणे होय. तो कागद जब्बार पटेल यांनी २००० साली आपल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात पुन्हा उघडला. मामुट्टी यांनी बाबासाहेब साकारले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि आपल्या मोहन गोखल्यांनी जे गांधी रंगविले, ते अ‍ॅटनबरोंच्या गांधींहून निराळे, वाटाघाटीच्या आसनावर पलीकडे बसलेले, म्हणजेच ज्यांच्याशी झगडावयाचे आहे असे गांधी होते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, अशी माझी प्रत्येक तरुण वाचकास विनंती आहे.

राष्ट्रावरील आपत्तीचे चित्रण याहून कठीण, कारण तेथे एक नायक नसतो. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांची ‘तमस’ दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिच्यावर बंदी यावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोघा न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहून मग प्रक्षेपणास मुभा दिली, व सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. फाळणीची ही कथा कोणत्या पुढाऱ्याच्या दिवाणखान्यात सुरू होत नाही. एका कोंदट खोलीत नथू नावाचा गरीब चर्मकार, ओम पुरींच्या रूपाने, ठेकेदाराने सोपविलेले डुक्कर मारण्यासाठी रात्रभर धडपडतो. ते मरत नाही, दिव्याची वात मंदावत जाते, तो घामाने निथळतो, आणि आपण कशाचा आरंभ करीत आहोत याची त्या बिचाऱ्याला वार्ताही नसते. आमच्या वाड्यात तेव्हा ज्या बिऱ्हाडी टीव्ही होता तेथे सारे जमत. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या शेजारच्या काकू उंबऱ्याशी बसत, भाग संपताच पदर सावरून मुकाट्याने उठून जात, आणि दुसऱ्या खेपेस पुन्हा त्याच जागी येऊन बसत.

वीस वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, हाच टीव्ही निराळाच होऊन बसला. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील चकमकी घडता घडता घरोघर दिसत होत्या, आणि हल्लेखोरांचे सीमेपलीकडील सूत्रधारही तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्यातील निकालपत्रात वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमाने बंद झाले. पुढे त्या रात्रीवर चित्रपट निघाले. नाना पाटेकरांचा संयत पोलीस अधिकारी स्मरणात राहतो, बाकी गोळ्यांचा आवाज फार.

१९०१ च्या डिसेंबरात सावेदादा भाटवडेकरांनी आपला कॅमेरा मुंबईच्या चौपाटीवर नेला होता. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले कोकणातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले होते, त्यांचा जाहीर सत्कार होता, आणि लोकांनी गौरविलेला आपला माणूस हिंदी माणसाने चलच्चित्रात टिपण्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांपैकी तो एक होय. त्याच गिरगाव चौपाटीवर १०७ वर्षांनी, साताऱ्याकडील केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असता कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, अंगावर गोळ्या घेतल्या, आणि ती सोडली नाही. वाहिन्यांचे बहुतेक कॅमेरे तेव्हा दक्षिणेकडे, ताजच्या घुमटाकडे रोखलेले होते.