शूमची गावं आणि नऊ युरोचं तिकीट

२०२२ च्या जून महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे फ्रँकफर्टला महिनाभर राहून आलो. बरोबर आत्या होती. आत्या म्हणजे आमच्या घरातली थोरली, तेव्हा तिला एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. लेक गेली सहा वर्षं बोलावत होती, पण आत्याचं एकच उत्तर असायचं, "त्या मातीवर मी पाय ठेवणार नाही." आणि ते काही उगाच नव्हतं. दिमोनाला तिच्या शेजारी पोलंडची एक बाई राहायची, तिच्या हातावरचा नंबर आत्याने रोज पाहिलेला. आत्याच्या घरात जर्मन वॉशिंग मशीनसुद्धा कधी आलं नाही. शेवटी पणतवंडाचा जन्म झाला तेव्हा ती तयार झाली. म्हणाली, "मूल बघीन, घरात बसेन, बाहेर कुठे जाणार नाही."

घरात ती बसली चार दिवस. पाचव्या दिवशी जावई कामावरून आले ते खिशातून तीन कागद काढतच. म्हणाले, "आत्या, हे नऊ युरोचं तिकीट. महिनाभर जर्मनीत कुठेही फिरा." आमचा विश्वास बसेना. पण ते खरं होतं. पेट्रोल महागलं म्हणून तिथल्या सरकारने त्या वर्षी जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने ही सवलत दिली होती. जलद आयसीई किंवा आयसी गाडीला ते तिकीट चालत नव्हतं, पण साध्या गाड्यांना, लोकलला, ट्रामला, बसला सगळीकडे चालत होतं. फुकट मिळाल्यासारखं तिकीट वाया घालवायचं कसं? आत्याचे वडील जी.आय.पी. रेल्वेत होते. पास वाया घालवणं हे त्या घरात पाप समजत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी रेल्वेतलं कोणी ना कोणी होतंच. त्यांच्यासाठी सांगतो. फ्रँकफर्टचं मोठं स्टेशन बघितलं की आपलं व्ही.टी. आठवतं. तसंच घुमटाकार छप्पर नाही, तिथे लोखंड आणि काचेच्या लांबच लांब कमानी आहेत, पण गाड्या येऊन थांबतात आणि आल्या दिशेने परत जातात, ते अगदी तसंच. आणि गंमत म्हणजे फ्रँकफर्टचं स्टेशन १८८८ मध्ये सुरू झालं, आणि व्ही.टी.ची इमारतही १८८८ मध्येच पूर्ण झाली. आत्या म्हणाली, "जुळी भावंडं, एक गोरं आणि एक सावळं."

पहिल्याच दिवशी आम्ही चुकलो. माइंझला जायचं होतं, तळघरातून सुटणाऱ्या एस-आठ गाडीने. नातू आठ वर्षांचा, जर्मन शाळेत जातो, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावर. त्याने "एस-आठ, एस-आठ" म्हणून हाताला धरून ओढलं आणि आम्ही चढलो. एस-आठच ती, पण उलट्या दिशेची! माइंझऐवजी ऑफेनबाखला पोचलो. म्हणजे पनवेलला जायचं आणि कर्जतच्या गाडीत बसायचं तसा प्रकार. चूक आमचीच, पाटीवर शेवटच्या स्टेशनचं नाव लिहिलेलं असतं ते वाचायला हवं होतं. नातवाचा चेहरा पडला. आत्याने त्याला पिशवीतला चिवडा दिला आणि म्हणाली, "तुझे पणजोबा रेल्वेत असून एकदा कल्याणऐवजी विरारला गेले होते." हे खरं की खोटं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

माइंझला जेमतेम पाऊण तास लागतो. तिथे नवं सिनेगॉग आहे, २०१० मध्ये उघडलेलं, मानुएल हेर्झ नावाच्या वास्तुकाराने बांधलेलं. बाहेरून सगळं हिरव्या चकचकीत फरश्यांचं, आणि आकार असा वेडावाकडा की आत्या आधी म्हणाली, "हे पडायला आलंय का?" मग जावयांनी समजावलं की तो आकार 'केदुशा' ह्या शब्दाच्या पाच हिब्रू अक्षरांवरून घेतला आहे. त्यानंतर मुलं रस्त्यापलीकडे उभी राहून अक्षरं शोधत बसली. समोर जुन्या सिनेगॉगचे थोडे खांब उभे आहेत. ते १९१२ मध्ये बांधलेलं आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जाळलेलं. आत्या त्या खांबांजवळ उभी राहिली, काही बोलली नाही. परतीच्या गाडीत तिने फक्त एवढंच विचारलं, "उद्या कुठे?"

माइंझ हे गुटेनबर्गचं गाव. साधारण १४५५ च्या सुमारास त्याने खिळे जुळवून बायबल छापलं. आपल्या लोकांनी मराठी अर्थासह हगादा छापली ती मुंबईत १८४६ मध्ये, पण शिळाछापाने. आणि शिळाछापाचा शोध लावणारा आलोइस झेनेफेल्डर पण म्युनिकचाच रहिवासी. म्हणजे जर्मनीचं थोडं ऋण आपल्या सेदरच्या मेजावरही आहे. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "ते ऋण फिटलं." आम्ही वाद घातला नाही.

तर मग वर्म्स. ह्या नावावरून मुलांनी आधीच डोकं खाल्लं होतं. इंग्रजीत वर्म्स म्हणजे गांडुळं, म्हणून "आपण गांडुळांच्या गावाला चाललो." जर्मन लोक उच्चार 'वॉर्म्स' करतात आणि जुने यहुदी 'वार्माइझा' म्हणत. श्पायरला 'श्पिरा' आणि माइंझला 'मागेन्झा'. ह्या तीन नावांची पहिली अक्षरं शिन, वाव आणि मेम. जोडली की 'शूम' होतं. आता शूम म्हणजे हिब्रूत लसूण! हे सांगितल्यावर मग गांडुळं मागे पडली आणि पाच वर्षांची नात स्टेशनभर "लसणाची गावं, लसणाची गावं" ओरडत फिरली. ह्या लसणाच्या गावांना २०२१ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

फ्रँकफर्टहून आर-ई चार नावाची गाडी निघते ती माइंझ, वर्म्स, श्पायर करत पुढे कार्ल्सरूहेला जाते. तिन्ही गावं एकाच रुळावर, जणू आपल्यासाठीच घातलेला मार्ग. वर्म्सला सव्वा तासाच्या आसपास लागतो. नऊ युरोमुळे गर्दी म्हणाल तर दादरसारखी. पण एका तरुण मुलाने आत्याला लगेच उठून जागा दिली. आत्या बसली, आणि बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिली. मग पिशवीतून सफरचंद काढून त्याला दिलं. त्याने घेतलं.

स्टेशनपासून दहाएक मिनिटं चाललं की जुनी कबरस्तानाची जागा येते. तिला 'हायलिगर झांड' म्हणतात, म्हणजे पवित्र वाळू. युरोपात आहे त्या जागी टिकलेलं सगळ्यात जुनं यहुदी कबरस्तान हेच समजतात. पुरुषांनी डोकं झाकावं आणि शनिवारी जाऊ नये, बंद असतं. आत दोन हजारांहून जास्त दगड आहेत, कलंडलेले, जमिनीत रुतलेले, मधून गवत वाढलेलं. सगळ्यात जुना दगड १०५८-५९ सालचा मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सुमारे पावणेसहाशे वर्षं! नातवाने बोट फिरवत अक्षरं लावली. इतक्या जुन्या दगडावरची दोन अक्षरं त्याला ओळखता आली, त्यामुळे तो एकदम गप्प झाला.

थोडं खाली उतरलं की दोन दगड शेजारी शेजारी आहेत. त्यांची गोष्ट मुलांना सांगितली ती इथेही सांगतो. रब्बी मेइर रोथेनबर्गचे म्हणून एक फार मोठे विद्वान होते. १२८६ मध्ये ते घरच्यांना घेऊन आपल्या देशाकडे निघाले. इटलीत लोम्बार्डीपर्यंत पोचले, तिथे कोणीतरी ओळखलं आणि राजा रुडोल्फच्या माणसांनी त्यांना कैद केलं. राजाने सुटकेसाठी प्रचंड पैसा मागितला. लोक पैसा जमवायला तयार होते. पण असं सांगतात की रब्बींनीच नाही म्हटलं. एकदा पैसे दिले की दर वर्षी एक रब्बी पकडतील. सात वर्षं कैदेत राहून १२९३ मध्ये ते तिथेच वारले. तरी राजाच्या लोकांनी प्रेत दिलं नाही. चौदा वर्षं दिलं नाही. मग १३०७ मध्ये अलेक्झांडर विम्फेन नावाच्या एका सावकाराने स्वतःचा पैसा ओतून ते सोडवलं आणि बदल्यात एकच मागितलं, "मला त्यांच्या शेजारी पुरा." त्याच वर्षी तोही गेला. ते हे दोन दगड. वरती गोटे आणि चिठ्ठ्यांचा ढीग.

नातवाने विचारलं, "आजी, आपले लोक पण इथेच होते का?"

आम्ही सांगायला लागलो की आपले लोक कोकणात, अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं आपण मानतो, सात पुरुष आणि सात बायका, आणि तिथे त्यांच्या कबरी आहेत. नातवाने विचारलं, "त्यावर काय लिहिलंय?" काही लिहिलेलं नाही. मातीचे उंचवटे आहेत, बस.

तेव्हा आत्या बोलली. हळू बोलली, पण आम्हाला सगळं ऐकू आलं. "ह्यांच्याकडे दगडावर लिहिलेलं आहे, म्हणून ह्यांना कोणी विचारत नाही तुम्ही कोण. आम्हाला विचारलं." वाचकांपैकी जुन्या मंडळींना ती वर्षं सांगायला नकोत. १९६१-६२ पासून लग्न नोंदवायला गेलं की आईची आई कोण, तिची आई कोण, पुरावा आणा. आत्याचं लग्न तेव्हाच ठरलेलं. एका कचेरीत तिला आणि तिच्या नवऱ्याला तीनदा परत पाठवलं. ती चौथ्यांदा गेली नाही. मग लोकांनी उपोषणं केली, जेरुसलेमला ठाण मांडून बसले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल पूर्ण यहुदी आहेत, काही फरक नाही. त्यानंतर आत्याचं लग्न लागलं. हे आम्हाला माहीत होतं. मुलांना माहीत नव्हतं. लेकीलाही पूर्ण माहीत नव्हतं.

आत्याने खाली वाकून एक गोटा उचलला आणि सावकाराच्या दगडावर ठेवला, रब्बींच्या नव्हे. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यांच्यावर खूप आहेत. ह्याच्यावर कमी."

वर्म्सच्या सिनेगॉगबद्दल थोडक्यात सांगतो. पहिलं १०३४ मध्ये बांधलेलं, १९३८ मध्ये जाळलेलं, आणि जुनेच दगड वेचून १९६१ मध्ये पुन्हा उभं केलेलं. तिथे एक दगडी खुर्ची दाखवतात, रशींची म्हणून. रशी तरुणपणी वर्म्सला शिकले हे खरं, पण ती खोली १६२४ ची आहे, तेव्हा खुर्चीवर फार भरवसा ठेवू नका. मुलं बसून आली. आम्हाला जास्त आवडली ती मख्झोरची गोष्ट. १२७२ मध्ये हाताने लिहिलेलं हे मोठं प्रार्थनापुस्तक. त्यात अक्षरांच्या पोटात बारीक अक्षरांनी यिद्दिशमध्ये एक आशीर्वाद लिहिलाय, हे जड पुस्तक जो सिनेगॉगपर्यंत उचलून नेईल त्याला दिवस चांगले जावोत म्हणून. यिद्दिशमधलं सगळ्यात जुनं वाक्य तेच म्हणतात. आणि त्याचं बोलणं हमालाच्या श्रमाबद्दल! ते पुस्तक १९५७ पासून जेरुसलेमला आहे, तेव्हा त्यासाठी जर्मनीला जायला नको.

श्पायरला शेवटच्या आठवड्यात गेलो. बिशप रुडिगरने १०८४ मध्ये यहुद्यांना बोलावून तिथे वसवलं, वस्तीभोवती भिंतही बांधून दिली. बारा वर्षांनी, १०९६ मध्ये, क्रुसेडवाले आले तेव्हा श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवलं, वर्म्स आणि माइंझला मात्र शेकडो माणसं मारली गेली. मुलांना आम्ही एवढंच सांगितलं आणि पुढे चाललो. तिथलं मिकवे बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, जमिनीखाली दहा मीटर खोल. पायऱ्या उतरत जाव्या लागतात, वर येताना गुडघे काय म्हणतात ते विचारू नका. आत्या वर बाकावर बसली आणि मुलांना वरूनच सूचना देत होती. खाली पाणी अजून आहे, थंडगार, हिरवट.

दुपारी बसने तंत्रज्ञान संग्रहालयात गेलो. तिथे खरंखुरं बोइंग ७४७ विमान वीसेक मीटर उंचावर खांबांवर चढवून ठेवलंय, आणि आत जाऊन बघता येतं. उतरायला जिना आहे आणि घसरगुंडीही आहे. मुलं घसरगुंडीने सात वेळा उतरली. रशियाचं बुरान नावाचं अवकाशयानही २००८ पासून तिथे आहे, पण घसरगुंडीपुढे त्याला कोण विचारतो.

आता जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. नऊ युरोचं तिकीट त्या तीन महिन्यांनंतर बंद झालं. त्याच्या जागी मे २०२३ पासून महिन्याचं तिकीट आलं, आधी ४९ युरोला, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३. ते वर्गणीसारखं असतं, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. फार फिरणार नसाल तर एका दिवसाचं, चार-पाच जणांत मिळून काढायचं प्रांताचं तिकीट बघा, पण कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. स्टेशनवरचा पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. गाडी आली तरी दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून चपाती-भाजी शुक्रवारीच करून ठेवा, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका. पुष्कळशा बाटल्यांचे दुकानात पंचवीस सेंट परत मिळतात. आमच्या नातवाने महिन्याभरात त्यावर आइस्क्रीम काढलं.

आत्याने खास सांगितलंय की हेही लिहा. मोठ्या स्टेशनवर संडासाला साधारण एक युरो लागतो, सुटे जवळ ठेवा.