बोरोबुदुरची मस्तके कोठे गेली?

जावा बेटावरील बोरोबुदुर स्तूपाचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात ज्वालामुखीच्या दगडातून तो उभा राहिला. आर्यशूराच्या ज्या जातकमालेतील श्लोक अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगाने लिहिलेले आहेत, तिच्याच ३४ कथा बोरोबुदुरला दगडात कोरल्या आहेत. म्हणून हे स्थळ आम्हाला परके वाटत नाही.

या स्तूपावर मुळात ५०४ बुद्धमूर्ती होत्या. त्यांपैकी ३०० हून अधिक आज भंगलेल्या आहेत. बहुतेकांना मस्तक नाही. ४३ मूर्ती तर जागेवरच नाहीत. काही मस्तके काळाच्या ओघात पडली, पण बरीच मस्तके माणसांनी उचलून नेली. लंडनच्या आणि ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांत ती पाहावयास मिळतात.

सगळेच नेणारे लुटारू होते असेही नाही. १८९६ साली सयामचे बौद्ध राजे चुलालोंगकोर्न जावात आले, तेव्हा डच सरकारच्या संमतीने आठ गाड्या भरून शिल्पे त्यांनी स्वदेशी नेली. त्यांत पाच बुद्धमूर्ती होत्या. देणाऱ्याची ती मालकी नव्हती आणि नेणाऱ्याची श्रद्धा खरी होती, तरी स्तूप रिकामा व्हायचा तो झालाच.

अलीकडे आपल्याकडेही दिवाणखान्यात नुसते बुद्धमस्तक ठेवण्याची हौस दिसते. मान तुटलेली मूर्ती शोभेची कशी वाटते, हे आम्हाला कधी उमगले नाही. असो. बोरोबुदुरजवळच्या मुंतिलान गावात पाथरवट आजही मेरापी ज्वालामुखीच्या दगडातून अखंड बुद्धमूर्ती घडवितात. हौसच असेल तर ती घ्यावी. मात्र नव्या दगडाला जुना रंग चढवून 'पुरातन' म्हणून विकणारेही असतात. आणि वस्तू खरोखरच पुरातन असेल, तर इंडोनेशियाच्या २०१० सालच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही.

बालीत जुनी वस्तू म्हणजे केवळ काचेच्या कपाटातील वस्तू नव्हे. तेथील क्रिस नावाची कट्यार (पाते कधी सरळ, कधी नागमोडी) पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत येते, आणि दर २१० दिवसांनी येणाऱ्या तुम्पेक लांदेप या दिवशी शस्त्रांबरोबर तिचीही पूजा होते. १९०८ साली क्लुंगकुंगच्या राजाने शरण न जाता परिवारासह डच बंदुकांसमोर मरण पत्करले. त्यानंतर तेथील क्रिस हॉलंडला गेली. घराण्याची वस्तू घराण्याच्या रक्ताने माखून गेली, असेच म्हणावे लागेल.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. कर्ज फिटले की तारण ठेवलेला दागिना पावती पाहून परत द्यायचा, हा आमचा रोजचा शिरस्ता. लुटीच्या मालाची पावती कोण देणार? तरीही काही वस्तू परतल्या. पूर्व जावातील तेराव्या शतकातील प्रज्ञापारमितेची विलक्षण शांत मूर्ती दीडशेहून अधिक वर्षे हॉलंडमध्ये होती. ती १९७८ साली परत आली आणि आता जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०२३ साली हॉलंडने आणखी ४७२ वस्तू परत करण्याचे ठरविले. त्यांत १८९४ साली लोंबोकच्या राजवाड्यातून लुटलेला खजिना होता, आणि क्लुंगकुंगची ती क्रिसही होती.