कर्ज आणि किरकोळ खर्च

अवसरी बुद्रुकसारख्या गावी कर्जाची गोष्ट निघाली, की आपण बहुधा लग्नाच्या थाटास दोष देतो. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यात, सुपे येथे, रयत सावकारांविरुद्ध उठली. तेव्हा नेमलेल्या चौकशी मंडळास मात्र असे आढळले, की लग्नखर्चास वाजवीपेक्षा अधिक दोष दिला जातो. धान्य, बियाणे, बैल, सारा यांसाठी काढलेल्या लहान रकमाही खात्यात साचत व त्यांवर व्याज चढे. रुपयास दरमहा दोन पैसे हे व्याज ऐकावयास हलके वाटते. वर्षास ते शेकडा चोवीस होय! म्हणून किराणा, चहा यांतून वाचलेले पैसे प्रथम सर्वांत जड व्याजाच्या कर्जात भरावेत, असे आम्हांस वाटते. रोजचा हिशेब मुलांनी आईवडिलांजवळ बसून लिहावा, अक्षरही सुधारेल.