डॅशबोर्डखालचं चोरबटण

मराठीत 'चोर' हा शब्द वस्तूच्या आधी लागला की अर्थ उलटा फिरतो. चोरखिसा चोराचा नसतो, चोरापासून पैसे राखणाऱ्याचा असतो. चोरकप्पा तसाच, चोरबटणही तसंच. गाडी चालू होण्याच्या वाटेत कुठंतरी दडवलेला एक लहानसा स्विच, जो फक्त मालकाला ठाऊक. कोल्हापुरातल्या गाड्यांत हे बटण मी चाळीसेक वर्षं पाहत आलो आहे. मधली बरीच वर्षं ते विसरल्यात जमा होतं. आता गॅरेजमध्ये त्याची पुन्हा विचारणा होते, म्हणून हा मागोवा.

1980च्या दशकात वडिलांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात गाडी आत घ्यायला जागा कुठली? ती रात्रभर बोळाच्या तोंडाशी उभी असायची. कुलूप नावालाच. किल्ल्या झिजल्या की एका गाडीची दुसरीला लागायची. वडील रोज रात्री बॉनेट उघडून डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढत, आतला रोटर उपसून खिशात घालत आणि मग जेवायला बसत. बोटाच्या पेराएवढा बेकलाइटचा तुकडा, वर पितळी पट्टी. तो नसला की कॉइलचा करंट प्लगांपर्यंत पोचत नाही, सेल्फ कितीही मारा. आई सदरा धुवायला टाकण्याआधी खिसा चाचपायची, तेव्हा तिच्या हाताला पैशांपेक्षा रोटरच जास्त वेळा लागायचा.

पावसाळ्यात मात्र हे जमेना. उघड्या बॉनेटवर छत्री धरून रोटर काढायचा म्हणजे डेल्कोत पाणी, आणि सकाळी गाडी रुसलेली. शेवटी वडील गाडी घेऊन उद्यमनगरात गेले. ऑइल इंजिनं घडवून नाव मिळवलेलं हे गाव. ओतकाम, लेथ, फिटिंग करणारे हात गल्लोगल्ली. यंत्र उघडायला इथला माणूस कधी बिचकला नाही, आणि चोरबटणही अशाच हातांतून आलं.

तिथल्या एका मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी हाताखालच्या पोराला चहा आणायला पाठवलं. वडिलांनी कारण विचारलं तर म्हणाले, "उद्या गाडीचं काय बरंवाईट झालं तर त्या पोरावर आळ नको." मग त्यांनी जे केलं ते मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. साधा इलाज म्हणजे किल्लीकडून कॉइलकडे जाणारी तार तोडून मध्ये स्विच घालायचा. पण चोर बॅटरीपासून कॉइलला थेट वायर जोडतो, तेव्हा तो स्विच आपोआप वगळला जातो. म्हणून त्यांनी कॉइलच्या दुसऱ्या, पॉइंटकडच्या टोकापासून एक तार काढली आणि स्विचमधून बॉडीला अर्थ केली. बटण दाबलेलं असलं की पॉइंट उघडूनही करंट तुटत नाही, आणि करंट तुटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. चोरानं कितीही थेट जोडणी केली तरी इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. शिवाय स्विच पुढंमागं खराब होऊन उघडाच राहिला तरी मालकाची गाडी अडत नाही.

"बटण कुठं बसवायचं ते तुम्ही दाखवा," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या गाड्यांत मी एकाच जागी बसवलं तर त्याला चोरबटण कोण म्हणंल?" वडिलांनी ड्रायव्हरच्या सीटखालची पट्टी दाखवली. चोरबटणाची सगळी ताकद मिस्त्रींच्या त्या एका वाक्यात आहे, असं माझं मत आहे.

ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत सेंट जॉर्ज इव्हान्स आणि एडवर्ड बर्केनबुएल यांनी 1919 मध्येच असं यंत्र पेटंट केलं होतं. तीन बाय तीन अशा नऊ स्विचांची पाटी, जुळणी बरोबर असेल तरच गाडी चालू, चुकली की हॉर्न. आपल्याकडे नऊ कुणाला परवडणार? एकावर भागलं.

वडापच्या, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या, जीप आणि ट्रॅक्स यांच्यापुढं मात्र ही युक्ती चालत नव्हती. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. त्या काळचा पंप यांत्रिक, त्यामुळं सेल्फची तार तोडली तरी चौघांनी धक्का मारून गिअर टाकला की गाडी धावायची. वडापवाल्यांनी मग डिझेलच्या नळीवरच कॉक बसवले. नळीतलं उरलेलं डिझेल संपलं की गाडी जागेवर.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, आणि पुढच्या दशकात रस्त्यांवर तिचंच राज्य झालं. त्या दशकात सायरनवाले अलार्मही आले. मांजर बॉनेटवर चढलं तरी ते बोंबलायचे, पेठा जाग्या व्हायच्या, आणि महिन्याभरात कुणी खिडकी उघडून बघेनासं झालं. मग कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आलं, पेट्रोलचा पंप टाकीत गेला आणि चोरबटणही डॅशबोर्डखालून पंपाच्या रिलेकडे सरकलं. या जागी त्याचा स्वभाव बदलला. बटण बंद असलं तरी पाइपातल्या उरलेल्या दाबावर गाडी क्षणभर चालू होते, थोडी पुढं जाते आणि भर रस्त्यात बंद पडते.

त्यानंतर किल्लीत चिप आली. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुतीनं तो आयकॅट्स या नावानं दिला. किल्लीतला संकेत जुळला नाही तर इंजिनाचा संगणक इंधन सोडत नाही. इलाज खरोखर चांगला होता. अमेरिकेत तो सक्तीचा नव्हता, म्हणून 2011 ते 2021 मधल्या कित्येक किया आणि ह्युंदाई गाड्या त्याच्याविना विकल्या गेल्या, आणि 2021-22 मध्ये त्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. शेजारच्या कॅनडात 2007 पासून सक्ती असल्यानं तिथं त्याच कंपन्यांच्या गाड्यांत तो होता.

मग चोरबटण परत का आलं? चिपवाल्या गाड्यांची नवी किल्ली आता लॅपटॉपवरून तयार करता येते, आणि एका मॉडेलचं गुपित फुटलं की त्या मॉडेलच्या लाखो गाड्यांचं फुटतं. कोल्हापूरकराला आणखी एक काळजी: रात्री गाडी हलली की कागल ओलांडून कोगनोळीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात, पोचायला तासही लागत नाही. सीटखालचं आपलं बटण त्या लॅपटॉपला दिसत नाही.

पण बटण बसवणारा हात कुठला, हे बघितलंच पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही भावाच्या गाडीत एका सजावटीच्या दुकानातून ते बसवून घेतलं. करूळ घाट उतरताना इंजिन अचानक बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपला आणि पेडल दगडासारखं झालं. भावानं पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. मागं लहान मुलं होती. नंतर टेप सोडवून बघितलं तर पंपाचा पाच-सात अँपिअरचा करंट केसासारख्या बारीक तारेतून नेलेला. जोड नुसता पिळलेला. टेप वितळून काळी पडली होती.

म्हणून सांगतो. बटण सेल्फच्या सर्किटमध्ये घाला, म्हणजे चालती गाडी त्यामुळं कधीच बंद पडणार नाही. पंपावरच हवं असेल तर रिले आणि फ्यूज लावून, जोड डाग देऊन पक्के करणाऱ्याकडंच जा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचं वायरिंग तोडण्याआधी विचारा. विम्यात सूट मिळेल ही आशा धरू नका. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं मान्य केलेल्या यंत्रालाच ती मिळत आली आहे, तीही स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के आणि फार तर 500 रुपये. घरातल्या आणखी एका माणसाला जागा दाखवून ठेवा. पद्मिनी विकली तेव्हा वडील नव्या मालकाला जागा सांगायला विसरले होते. दुसऱ्या दिवशी नवा मालक बिचारा गाडी टो करून गॅरेजला घेऊन गेला, मग वडिलांनी तिथं जाऊन सीटखाली हात घातला. गाडी विकाल तेव्हा किल्ल्यांबरोबर बटणाची जागाही सांगा.