बाजेवर पडले की बळ कुठे जाते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंना न्युमोनिया झाला. वय सत्तरीच्या पुढे. आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काढले, मग घरी आणले. घरी आल्याबरोबर आम्ही सगळ्यांना ताकीद दिली, "दादांना कुणी उठवायचं नाही." पाणी हातात, जेवण हातात, लघवीचे भांडे बाजेखाली. दादा एकदोनदा म्हणालेही, "अरे, मला जरा ओट्यावर बसव." आम्ही म्हणालो, "दादा, पडून राहा. अंगात ताकद येऊ द्या, मग उठा."

असे दोन आठवडे गेले. ताप गेला. खोकला गेला. भूक लागू लागली. मग एका सकाळी आम्ही दादांना उभे केले. त्यांचे गुडघे लटपटले आणि ते आमच्या अंगावरच कोसळले.

घरात रडारड झाली. कुणी म्हणाले लकवा. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, देवऋष्याला बोलवा. डॉक्टर आले. त्यांनी हातपाय तपासले. लकवा नव्हता. त्यांनी दादांच्या मांडीला दोन्ही हातांचा विळखा घातला. बोटांना बोटे सहज मिळाली. ते आम्हाला म्हणाले, "गुरुजी, हे बघा. इथलं मांस गेलंय. आजार जाताना थोडं घेऊन गेला. उरलेलं तुमच्या बाजेनं खाल्लं."

बाज माणसाला खाते! पस्तीस वर्षे शाळेत शिकवूनही ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. दादांना जागचे हलू दिले नाही ते आम्हीच. मग आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. डॉक्टरांनाही पुष्कळ भंडावले. त्यातले जे उमगले ते इथे सांगतो.

मूठ वळा आणि कोपर दुमडा. दंडावर गोळा वर येतो ना? तो स्नायू. अंगात असे सहाशेच्या वर स्नायू आहेत. धडधाकट तरुण गड्याचे वजन साठ किलो असेल, तर त्यातले वीस-पंचवीस किलो वजन नुसत्या स्नायूंचे असते. हाडे आपली आपण हलत नाहीत. स्नायू त्यांना ओढतात, तेव्हा आपण उठतो, चालतो, पाण्याचा हंडा उचलतो. श्वास घेतो तोही स्नायूंच्याच जोरावर.

आता मुख्य गोष्ट. स्नायू म्हणजे एकदा बसवलेला दगडी चिरा नव्हे. ती मातीची भिंत आहे. मातीची भिंत पावसाने झडते आणि घरधनीण ती पुन्हा लिंपते. झडणे आणि लिंपणे सारखे चालले, तोवर भिंत उभी राहते. स्नायूंतही रोज थोडे जुने मोडते आणि थोडे नवे बसते. आपण चालतो, उठबस करतो, ओझे उचलतो, ती या लिंपणाला हाक असते. हाक बंद झाली की लिंपण मंदावते. पाऊस काही थांबत नाही. भिंत दिवसादिवसाने पातळ होते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात डीट्रिक, व्हेडन आणि शोर या संशोधकांनी याचा प्रयोग केला. त्यांनी चार तरुण घेतले. चौघेही निरोगी. त्यांना कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये ठेवले, तेही सहा ते सात आठवडे. ना ताप, ना जखम. नुसते पडून राहायचे. त्यांचे खाणे मोजले आणि लघवीही मोजली.

लघवी कशाला मोजायची, असे तुम्ही विचाराल. आपण पिकाला युरिया घालतो. त्यात नत्र असते. स्नायू ज्या पदार्थाचे बनतात त्याला प्रथिन म्हणतात. त्या प्रथिनातही नत्र असते. स्नायू मोडला की त्यातले नत्र लघवीवाटे बाहेर पडते, आणि बहुतेक युरियाच्याच रूपाने पडते. गोणीतला युरिया आणि हा युरिया पदार्थ एकच, बरं का! म्हणजे खाण्यातून किती नत्र आत गेले आणि बाहेर किती आले, हे मोजले की स्नायूंचा जमाखर्च कळतो.

त्या चौघांचा खर्च जमेपेक्षा जास्त निघाला. पायांचे बळ घटले. हाडांतला चुनाही लघवीवाटे जाऊ लागला. उभ्याने ठेवले की त्यांना घेरी येऊ लागली. प्लॅस्टर काढल्यावर ते दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखे झाले असेही नाही. भरून यायला कित्येक आठवडे लागले. हा प्रयोग १९४८ साली छापून आला.

पुढे १९६६ साली अमेरिकेतच, डलास शहरात, वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. त्यांचा दमसास पावपटीहून अधिक घटला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासले. तेव्हा ते पन्नाशीचे झाले होते. दमसास घटलाच होता. पण तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेले होते. आम्ही हे दोनदा वाचले, तेव्हा विश्वास बसला.

ही झाली तरुणांची गोष्ट. म्हाताऱ्यांचे काय? २००७ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या डॉक्टरांनी त्याचा हिशेब दिला. सरासरी सदुसष्ट वर्षांची, पण चांगली चालती-फिरती माणसे त्यांनी निवडली आणि त्यांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. फक्त दहा दिवस. प्रत्येकाच्या पायांतून सरासरी सुमारे एक किलो मांस गेले. आमचे दादा तीन आठवडे पडून होते, आणि वर न्युमोनिया.

आजार वर आला की गोष्ट आणखी बिघडते. नुसते पडून राहिल्याने लिंपण मंदावते, हे वर सांगितले. आजारात पाऊसही वाढतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात डेव्हिड कथबर्टसन नावाचे एक संशोधक होते. १९३० च्या सुमाराला ते पायाचे हाड मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासत होते. त्यात नत्र फार जाताना दिसले. इतके की ते एकट्या दुखऱ्या पायातून येणे शक्य नव्हते. म्हणजे दुखणे एका पायाला, आणि साऱ्या अंगातले मांस मोडत होते.

लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली फार आजारी अशा ६३ रोग्यांचे मोजमाप छापले. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात ना, तसेच यंत्र त्यांनी रोग्यांच्या मांडीवर ठेवले. दहा दिवसांत मांडीच्या पुढचा स्नायू शंभरात जवळजवळ अठरा भाग आकसला होता. आजार जितका भारी, तितकी घट जास्त.

आपलेच शरीर आपलेच मांस का मोडते? यात त्याचा वेडेपणा नाही. दुष्काळात आपण काय करतो? कणगीतले धान्य काढतो. वेळ आली तर बियाणेही खातो. आजारात शरीराला जंतूंशी लढायला आणि जखम भरायला प्रथिने लागतात. तोंडाला चव नसते, पोटात काही जात नाही. मग शरीर स्नायूंची कणगी उघडते. चार दिवसांचा आजार असेल तर ही व्यवस्था फार चांगली. तीन आठवड्यांचा असेल तर कणगीचा तळ लागतो.

ही मोडतोड कशी होते तेही शास्त्रज्ञांनी शोधले आहे. जंगलातले कुठले झाड तोडायचे ते वनखात्याचे लोक आधी ठरवतात आणि त्यावर हातोड्याने ठसा उमटवतात. ठसा असलेले झाड तोडले जाते. शरीरातही तसेच आहे. ज्या प्रथिनाचे काम संपले त्यावर एक बारीक खूण चिकटते, आणि खूण झालेले प्रथिन मोडीत जाते. ही खूण ओळखल्याबद्दल इस्राएलचे चिकानोव्हर आणि हर्श्को आणि अमेरिकेचे रोझ या तिघांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी २००१ साली स्नायूंत अशा खुणा चिकटवणारे दोन खास कामगार सापडले होते. माणूस हलला नाही, उपाशी राहिला, आजारी पडला, की हे दोघे जोरात कामाला लागतात. त्यांना आवरणारी गोळी मिळावी म्हणून खटपट चालू आहे. पण आजारात गेलेले बळ परत आणील आणि कुणालाही देता येईल, अशी गोळी अजून दवाखान्यात आलेली नाही.

इथे सलाईनचे बोलले पाहिजे. आपल्याकडे अशक्तपणा आला की लोक म्हणतात, "डॉक्टर, एक बाटली लावा." अंगातले पाणी आटले असेल, जुलाब-वांत्या झाल्या असतील, तर ती बाटली जीव वाचवते. पण तिच्यात पाणी, मीठ किंवा थोडी साखर असते. साखरेची जी अर्धा लिटरची बाटली नेहमी लावतात, तिच्यात पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. स्नायू बांधायला लागणारे प्रथिन तिच्यात नसते. आम्हीही दादांना दोन बाटल्या लावायला सांगितल्या होत्या. पैसे गेले, मांडी होती तशीच राहिली.

अंतराळात जाणाऱ्यांनाही हीच अडचण येते. तिथे अंगाला वजन जाणवत नाही, म्हणून पायांना काम उरत नाही. १९७० साली रशियाचे दोन वीर अठरा दिवस अंतराळात राहून परतले, तेव्हा त्यांना नीट चालता येईना. आता अंतराळ स्थानकात राहणारी माणसे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. आपले शुभांशु शुक्ला २०२५ साली तिथे गेले होते. त्यांनी केलेल्या प्रयोगांत स्नायूंच्या वाढीवरचाही एक होता.

मग आजाऱ्याला उठवायचे तरी केव्हा? शिकागो आणि आयोवा इथल्या डॉक्टरांनी श्वासाच्या यंत्रावर असलेल्या १०४ रोग्यांवर हे पाहिले. निम्म्या लोकांना यंत्र असतानाच हातपाय हलवायला, बसायला, जमेल तर उभे राहायला लावले. हे २००९ साली छापून आले. लवकर हलवलेल्यांपैकी शंभरात ५९ जण घरी जाताना आपले आपण करण्याजोगे झाले होते. बाकीच्यांत शंभरात ३५. पण याचाही अतिरेक नको. २०२२ साली साडेसातशे रोग्यांवरचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीपेक्षा जास्त जोर लावून हालचाल करून घेतली होती. त्याचा जास्त फायदा दिसला नाही. उलट काहींचे ठोके आणि रक्तदाब बिघडले. तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि रोग्याच्या अंगाबेताने, हे आम्हाला पटते.

आमच्या डॉक्टरांनी दादांना सांगितले ते असे. पहिले दोन दिवस पडल्या पडल्या पावले वरखाली करायची, टाच बाजेवर घासत गुडघा दुमडायचा. मग बाजेच्या कडेला पाय सोडून बसायचे आणि गुडघा सरळ करून दहा मोजायचे. लगेच उभे राहायचे नाही, घेरी येते. थोडे बसून मग उठायचे. मग खुर्चीवरून उठणे आणि बसणे, आधी पाच वेळा, मग दहा वेळा. छातीत दुखले, धाप लागली, तर तिथेच थांबायचे. एकच पोटरी सुजून ठणकत असेल तर ती चोळायची नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांना दाखवायचे. हाड मोडले असेल किंवा हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर त्या रोग्याचे नियम वेगळे, ते डॉक्टरच ठरवतील.

खाण्याचीही गोष्ट आहे. आमच्या वहिनी तापात नुसती तांदळाची पेज देत होत्या. "तापाला लंघन" असे आपण ऐकत आलो. पेजेने घसा ओला होतो, पण तिच्यात प्रथिन थोडे. डॉक्टर म्हणाले, पेज द्या, पण तिच्याबरोबर डाळीचे घट्ट वरण द्या, मुगाचे कढण द्या, दूध-दही द्या. चालत असेल तर अंडे द्या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असते. शेंगदाण्याची चटणी, हरभरा, मटकी, मासे, हे सगळे चालते. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम तरी प्रथिन मिळावे, आजारातून उठताना त्याहून थोडे अधिक. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र आधी विचारावे. दादा माळकरी, अंडे नको म्हणाले. मग वहिनींनी सकाळी मुगाचे धिरडे आणि रात्री दूध सुरू केले.

दादा पहिल्या दिवशी बाजेच्या कडेला जेमतेम दोन मिनिटे बसले आणि आम्हालाच ओरडले, "जीव घेतोस का माझा?" आठव्या दिवशी ओट्यावर आले. तीन आठवड्यांनी गोठ्याच्या दारापर्यंत गेले. त्या दिवशी गाय हंबरली आणि दादांच्या डोळ्यांत पाणी आले. आता चार महिने होत आले. काठी घेऊन हापशापर्यंत जातात. देवळाच्या पायऱ्या मात्र अजून चढवत नाहीत, दुसऱ्या पायरीला अडते. परवा आम्ही आधाराला दंड धरला, तर म्हणाले, "मास्तर, हात सोड."

आम्ही हात सोडला आणि एक पायरी खाली उभे राहिलो.