विश्लेषण : देवाशी साधेपणाने बोलायचे, म्हणजे नेमके कसे?

भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे सोपे मराठी शब्द शोधण्यात घालवली. बायबलच्या भाषांतराचे ते काम होते. ख्रिस्ती प्रार्थनेतील साधेपणा समजून घ्यायचा, तर त्यामागचे कारण पाहावे लागते.

येशूने काय सांगितले?

मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू दोन गोष्टींवर बोट ठेवतो. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून केलेली प्रार्थना आणि जास्त बोलले की देव ऐकतो, या समजुतीने लांबवलेली प्रार्थना. खोलीत जा, दार लावून घे, असे तो म्हणतो. काय हवे ते पित्याला मागण्याआधीच ठाऊक असते! लगेच तो नमुनाही देतो. ‘प्रभूची प्रार्थना’ सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. तीत भाकर मागितली आहे, तीही आजच्यापुरती.

लूकच्या 18व्या अध्यायातील दृष्टान्तात मंदिरात दोघे येतात. परूशी आपल्या उपवासांचा आणि दशमांशाचा पाढा वाचतो. जकातदार मान खाली घालून, छाती बडवत एका वाक्यात दया मागतो. देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

मग पाठ केलेली प्रार्थना खोटी?

तसे नाही. आक्षेप पोकळ बडबडीवर आहे, पुनरुक्तीवर नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशूने स्वतः तेच शब्द पुन्हा म्हटल्याची नोंद मत्तयमध्येच आहे. एकत्र प्रार्थनेलाही मनाई नाही. नमुन्यातला पिता ‘माझा’ नसून ‘आमचा’ आहे. रोझरीची माळ ओढणारा आणि मनात येईल ते बोलणारा, दोघांनाही कसोटी एकच: तोंडातले शब्द मनातले आहेत का?

रमाबाईंना सोपी मराठी का हवी होती?

इथे खरा पेच भाषेचा. शब्दच कळत नसतील, तर ते मनातले होणार कसे? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1896-97च्या दुष्काळात सापडलेल्या अनेक मुली, बालविधवा आल्या होत्या. तेव्हाच्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या डोक्यावरून जाई. संस्कृत ही रमाबाईंची हक्काची भाषा. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना 1878मध्ये कोलकात्यात त्याच विद्वत्तेसाठी मिळाल्या होत्या. तरी त्यांनी ती बाजूला ठेवली. मूळ ग्रंथाशी इमान राखण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत वाक्ये लिहीत गेल्या.

5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल 1924मध्ये छापून आले. छपाई केडगावातच झाली आणि छापखान्यात खिळे जुळवायला होत्या मुक्ती मिशनमधल्याच बायका.